गर्भिणी परिचर्या आणि मोबाईल : वऱ्हाडातील वैद्यांचे कर्तव्य

चरकाचार्यांनी शारीरस्थानात गर्भिणीच्या उपचारास काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र न हिंदकळू देता वाहून नेण्याची उपमा दिली आहे. ही उपमा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि पुढे व्याख्यानांतूनही सांगितली. परंतु आजच्या वऱ्हाडात हे पात्र एकाच वैद्याच्या हाती नसते. ते आशाताईच्या हातून परिचारिकेच्या हाती, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, मग उपजिल्हा रुग्णालयाच्या आणि अखेर अमरावती किंवा अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाच्या हाती जाते. मध्ये घरची सासू असते, दाई असते, गाडीचा चालक असतो, बाजारपेठेतील औषधी दुकानदार असतो आणि गावचा आयुर्वेद पदवीधरही असतो. तेल सांडते ते बहुधा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. या हातांना परस्परांशी जोडण्याचे सर्वांत स्वस्त साधन आज जवळपास प्रत्येक घरात आहे, ते म्हणजे मोबाईल. त्याचा उपयोग मातेच्या रक्षणासाठी कसा करावा आणि त्यात आपल्या व्यवसायबंधूंचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. मोबाईल हा दूत आहे, वैद्य नव्हे. निरोप घेणारे कोणी दुसऱ्या टोकाला नसेल, तर दूत कितीही वेगवान असला तरी व्यर्थ होय. वऱ्हाडात ते दुसरे टोक होण्याची क्षमता आपल्यात आहे. मात्र ती जबाबदारी आपण अद्याप पुरतेपणी उचललेली नाही.

सरासरीच्या आड दडलेले वास्तव

नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार २००१-०३ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ३०१ आणि महाराष्ट्रात १४९ माता दगावत असत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण देशात ९७ व महाराष्ट्रात ३३ पर्यंत उतरले. २००५ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, त्यातून उभ्या राहिलेल्या आशा कार्यकर्त्या, जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आणि २०१४ पासून राज्यात धावू लागलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका या साऱ्यांचे श्रेय त्यात आहे. या यशाबद्दल कृतज्ञता व्यक्त केलीच पाहिजे.

तथापि राज्याची सरासरी मेळघाटाला लागू पडत नाही. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके १९९३ मध्ये बालमृत्यूंमुळे देशभर गाजले आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात हा प्रश्न नव्याने पुढे येतो. बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी आणि उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने जे कार्य उभे केले, त्यामुळे असंख्य जीव वाचले; पण त्याच कार्याने प्रश्नाची खोलीही आपल्याला दाखवून दिली. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि त्यातील मोठा भाग घाटाचा व जंगलाचा आहे. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव दोन तासांच्या आत स्त्रीचा प्राण घेऊ शकतो, हे ज्ञात असताना या अंतराचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

मेळघाट केवळ घाटाच्या वर आहे असेही नाही. व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसित झालेली केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा यांसारखी गावे आता अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर आहेत. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, हरभऱ्याची काढणी यांसाठी कोरकू कुटुंबे अकोट, तेल्हारा, अचलपूर, चांदूर बाजार या भागांत येतात, शेतात पाल ठोकून राहतात आणि होळीला परत जातात. त्यांतील गर्भवती स्त्रिया आपल्याच दवाखान्यांच्या व दुकानांच्या दारात येतात. तेव्हा हा प्रश्न दूरच्या डोंगरातला आहे, असे म्हणून अकोटच्या वैद्यास बाजूला होता येणार नाही.

तीन विलंब

मातृमृत्यूची कारणमीमांसा करताना थाडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली. पहिला, उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील विलंब. दुसरा, उपचारस्थानी पोहोचण्यातील विलंब. आणि तिसरा, पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. मोबाईलची उपयुक्तता या तिन्हींच्या कसोटीवर तपासली म्हणजे भाबडा उत्साह व सरसकट तुच्छता ही दोन्ही टोके टळतात.

पहिल्या विलंबावर माहिती हा उपाय आहे. हातापायांवर व चेहऱ्यावर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, पाणी जाणे, ज्वर, आक्षेपक, गर्भाची हालचाल मंदावणे, ही लक्षणे धोक्याची आहेत हे घरातील निर्णय घेणाऱ्यास कळले पाहिजे. दुसऱ्या विलंबावर एक वेळेवर केलेला फोन हा उपाय आहे. तिसऱ्या विलंबावर रुग्णा निघण्यापूर्वीच पुढील रुग्णालयास दिलेली सूचना हा उपाय आहे. त्यामुळे रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह यांची सिद्धता होऊ शकते. मात्र जेथे रक्तच नाही, तेथे फोन रक्त निर्माण करीत नाही. ही मर्यादा कोणत्याही योजनेच्या जाहिरातीत लिहिलेली नसते, म्हणून ती येथे लिहून ठेवतो.

अन्यत्रचे अनुभव

गरीब देशांतील प्रयोगांतून काय हाती आले ते पाहू. रवांडात २००९ पासून ग्रामीण आरोग्यसेवक साध्या फोनवरील लघुसंदेशांद्वारे गर्भवतींची नोंद व आणीबाणीची सूचना आरोग्यकेंद्रास देऊ लागले. दक्षिण आफ्रिकेने ऑगस्ट २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सुरू केलेल्या 'मॉमकनेक्ट' सेवेत गर्भवतीस संदेश मिळतातच, शिवाय तिला प्रश्न विचारता येतो आणि केंद्रातील वागणुकीबद्दल तक्रारही नोंदवता येते. या दोहोंत संवाद दुहेरी आहे, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

झांझिबार बेटांवर २००९-१० च्या सुमारास 'वायर्ड मदर्स' हा प्रयोग झाला. गर्भवतींना संदेश पाठविले गेले आणि आरोग्यसेवकाशी बोलता यावे म्हणून बोलण्याचे पैसेही देण्यात आले. शहरी स्त्रियांमध्ये कुशल व्यक्तीच्या हातून प्रसूती होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. ग्रामीण स्त्रियांमध्ये मात्र तसा ठाम परिणाम दिसला नाही. म्हणजे ज्यांना रस्ता, वाहन व रुग्णालय जवळ होते, त्यांनाच फोनचा अधिक लाभ झाला. मेळघाटाविषयी विचार करताना हा निष्कर्ष सतत डोळ्यांसमोर असावा.

आपल्याकडे डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'आरमान' संस्थेने मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'एममित्र' ही ध्वनिसंदेश सेवा चालविली. वाचता न येणाऱ्या मातेसही ऐकता यावे, हे तिचे मूलतत्त्व. पुढे अनेक स्त्रिया ऐकणे सोडून देतात असे आढळल्यावर, गळण्याची शक्यता असलेल्या स्त्रिया संगणकाच्या साह्याने हेरून त्यांना प्रत्यक्ष माणसाने फोन करण्याची पद्धत अवलंबिली गेली आणि गळतीचे प्रमाण घटल्याचे दिसले. यंत्राने कोणास फोन करावा ते सांगितले. परिणाम मात्र मनुष्याच्या आवाजाने झाला.

केंद्र शासनाची 'किलकारी' सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बालक एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे ७२ ध्वनिसंदेश त्यात दिले जातात. महाराष्ट्रात ती २०२४ मध्ये आली. शेजारच्या मध्य प्रदेशात पाच हजारांवर स्त्रियांच्या सहभागाने या सेवेची शास्त्रीय चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भनिरोधक साधनांच्या वापरात अल्प वाढ दिसली. निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. एकतर्फी निरोपाचे सामर्थ्य किती, याचे हे प्रामाणिक माप आहे. ते नगण्य नाही, पण पुरेसेही नाही.

मेळघाटची परीक्षा

आता हे सारे मेळघाटात आणून पाहू. प्रथम अडचण संपर्काची. हरिसाल हे गाव २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून मायक्रोसॉफ्टच्या साह्याने पुढे आणले गेले. दूरवैद्यकाची सोय हा त्याचा गाजलेला भाग होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्याच हरिसालच्या स्थितीवरून सभांमधून जाहीर वाद झाला. त्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. पण एखाद्या गावात यंत्रे बसविणे आणि ती वर्षानुवर्षे चालती ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून घ्यावे. दरीतल्या पाड्यावर आजही टेकडीवर चढल्याखेरीज आवाज लागत नाही, हे तेथे काम करणारा कोणीही सांगेल.

दुसरी अडचण मालकीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के आढळले. उरलेल्या जणींचा फोन म्हणजे नवऱ्याचा, दिराचा किंवा शेजाऱ्याचा फोन. नवरा मजुरीला गेला की गर्भिणीसाठी आलेला संदेश त्याच्या खिशात वाजतो. म्हणून नोंदीत क्रमांक लिहिताना तो कोणाचा, हेही लिहिणे अगत्याचे आहे.

तिसरी अडचण भाषेची. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातील भाषा नव्हे. ती मुंडा कुळातील आहे. घरातल्या वृद्धेस, जिच्या शब्दावर प्रसूती कोठे करावयाची ते ठरते, तिला प्रमाण मराठीतील ध्वनिसंदेश परकाच वाटणार.

चौथी अडचण साधन वापरणाऱ्यांची. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट व मंद, आणि पोषणाची नोंद करावयाचे अॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. जिच्या हातून काम व्हावयाचे तिला न विचारता साधन निवडले की असे होते.

पाचवी अडचण स्थलांतराची. धारणीत नोंदलेली गर्भिणी तेल्हाऱ्याच्या शेतात पोहोचली की तिची नोंद मागे राहते. महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये अमरावतीसह काही जिल्ह्यांत स्थलांतरितांच्या मागोव्याची संगणकीय प्रणाली सुरू केली, ती याच कारणाने. अशा प्रणालीस शेताजवळच्या वैद्याची व दुकानदाराची साथ मिळाली तर तिचे मोल अनेक पटींनी वाढेल.

आपल्या शास्त्राचे योगदान आणि त्याची मर्यादा

मासानुमासिक गर्भिणी परिचर्या हा आपल्या शास्त्राचा अभिमानास्पद भाग आहे. प्रथम मासातील क्षीर, चरकोक्त चतुर्थ मासातील नवनीत, सुश्रुतोक्त षष्ठ मासातील गोक्षुरसिद्ध घृत वा यवागू, नवम मासातील अनुवासन बस्ती व पिचू, हा क्रम दर महिन्याला एक संदेश या स्वरूपात पाठवावा, अशी कल्पना कोणासही सहज सुचेल. परंतु येथे तारतम्य हवे. आहार, विश्राम, वेगविधारण टाळणे, मनःप्रसाद यांविषयीचा उपदेश ध्वनिसंदेशातून देता येईल. बस्ती, सिद्ध घृते आणि औषधी कल्प हे प्रकृती, अग्नी व अवस्था पाहून द्यावयाचे असतात; ते संदेशाने वाटावयाचे नाहीत. आयुर्वेद चिकित्सकांसाठीच्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना २०२० मध्ये आल्या आहेत. त्या प्रत्येकाने वाचून ठेवाव्यात.

शिवाय ज्या घरात भाकरीबरोबर मिरचीचा ठेचाच असतो, त्या घरातील गर्भिणीस रोज लोणी व दूध घेण्याचा निरोप पाठविणे म्हणजे तिच्या दारिद्र्याची थट्टा होय. तिला कुटकी, कोदो, ज्वारी, डाळ आणि रानभाज्या यांविषयी सांगावे. आणि त्याहूनही आधी हे सांगावे की आदिवासी क्षेत्रात डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार मिळणे हा तिचा हक्क आहे. हितकर आहाराच्या उपदेशास त्याच्या प्राप्तीचा मार्ग जोडला तरच तो उपदेश ठरतो.

पांडू व्याधीसंबंधीही एक सूचना. देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्ताल्पतेने पीडित आहेत. आपण पुनर्नवा मंडूर, धात्री लोह देतो. ते देताना शासकीय लोहगोळ्या बंद करण्याचा सल्ला देऊ नये, आणि विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेल आढळतो हे लक्षात घेऊन आधी ती तपासणी झाली आहे काय, याची विचारणा करावी. ही विचारणा दुकानाच्या गल्ल्यावरून एका फोनने होऊ शकते.

याच साधनाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पुत्रप्राप्तीची औषधे, 'गर्भसंस्कारा'च्या नावाने विकली जाणारी महागडी संचे, बिना तपासणी गर्भपाताच्या गोळ्या, यांचा प्रचारही आज मोबाईलवरूनच होतो आणि त्यात आयुर्वेदाचे नाव सर्रास वापरले जाते. लिंगनिवडीची जाहिरात १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींवर १९५४ पासून निर्बंध आहेत. असे संदेश पुढे ढकलणारा सदस्य केवळ कायदा मोडीत नाही, तर एका कोरकू किंवा कुणबी घरातील स्त्रीचे आयुष्य पणास लावतो. अशांना संघटनेने पाठीशी घालू नये, हे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आक्षेप आणि कर्तव्य

'हे शासनाचे काम आहे, आपले नव्हे,' असा आक्षेप येईल. काम शासनाचे आहे खरे. पण ताप आलेली गर्भिणी आठवडी बाजाराच्या दिवशी प्रथम येते ती जवळच्या दवाखान्यात किंवा औषधी दुकानात. तिने प्रथम कोठे जावे हे शासन ठरवीत नाही. तेथे तिला दोन पुड्या देऊन घरी पाठविले, तर पहिला विलंब आपणच घडविला असे होईल. 'वेळ नाही, मोबदला नाही,' हा दुसरा आक्षेप. एक फोन दोन मिनिटांचा असतो. 'रुग्ण आपल्या हातून जाईल,' ही तिसरी, न बोलली जाणारी भीती. वऱ्हाडी माणूस संकटात खरा मार्ग दाखविणाऱ्यास पिढ्यान् पिढ्या विसरत नाही. व्यवसायाच्या दृष्टीनेही वेळेवर पुढे पाठविलेली रुग्णा ही गमावलेली रुग्णा नव्हे.

म्हणून आमच्या सूचना पुढीलप्रमाणे.

१. प्रत्येक सदस्याने गर्भिणी नोंदवही ठेवावी. तीत गाव, शेवटच्या पाळीची व अपेक्षित प्रसूतीची तारीख, फोन क्रमांक व तो कोणाचा, संबंधित आशाताईचा क्रमांक आणि स्त्रीची संमती यांची नोंद असावी. ही माहिती गोपनीय राहील, औषधांच्या जाहिरातीसाठी वापरली जाणार नाही.

२. सातव्या महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा व नवव्या महिन्यात दर आठवड्यास स्वतः किंवा सहायकामार्फत फोन करावा. प्रसूतीनंतर आशाताई तिसऱ्या व सातव्या दिवशी गृहभेट देतात. त्याच सुमारास आपलाही एक फोन जावा. पलीकडून उत्तर न आल्यास आशाताईस कळवावे.

३. धोक्याचे लक्षण दिसताच औषधयोजनेत वेळ न दवडता १०८ किंवा १०२ वर फोन करावा आणि रुग्णा निघण्यापूर्वी पुढील रुग्णालयास तिची अवस्था सांगावी.

४. औषधी विक्रेत्यांनी स्त्रीला औषध देताना ती गर्भिणी आहे काय, हे विचारण्याचा नेम ठेवावा. दुकानात रुग्णवाहिका, जवळचे प्रसूतिकेंद्र आणि आशाताई यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावेत. मोबाईलवर आलेल्या चिठ्ठीच्या छायाचित्रावरून गर्भिणीस औषध देऊ नये.

५. अकोला व अमरावती येथील आयुर्वेद महाविद्यालयांच्या प्रसूतितंत्र विभागांच्या साह्याने वऱ्हाडी व कोरकू बोलीत थोडे, नेमके ध्वनिसंदेश तयार करावेत. आवाज कोरकू स्त्रियांचाच असावा, आणि मजकूर आधी पाड्यावरील चार वृद्धांना ऐकवून मगच पक्का करावा.

६. तालुका शाखांनी दर तिमाहीस आढावा घ्यावा. किती संदेश पाठविले याची मोजणी नको. धोक्याची लक्षणे असलेल्या किती जणी वेळेत रुग्णालयात पोहोचल्या आणि किती जणी का पोहोचल्या नाहीत, एवढेच विचारावे.

यांतील एकाही गोष्टीसाठी अनुदान, नवे अॅप वा महागडा फोन लागत नाही. एक वही, एक साधा मोबाईल आणि उत्तर देण्याची तयारी एवढे पुरे. धारणी, चिखलदरा, अचलपूर, अकोट व तेल्हारा या पाच तालुक्यांतील शाखांनी येत्या सोंगणीच्या हंगामापूर्वी, म्हणजे कोरकू कुटुंबे घाट उतरण्याआधी, नोंदवहीचा प्रारंभ करावा आणि पहिल्या तिमाहीचा आढावा या नियतकालिकाकडे पाठवावा. त्यात अपयशे अधिक असली तरी हरकत नाही. ती जशीच्या तशी लिहून पाठवावीत, कारण पुढच्या शाखेस त्यांचाच अधिक उपयोग होईल.